बीबीएफनं सोयाबीन खरंच वाढलं का? एका गावच्या दोन हंगामांचा हिशोब

पार्श्वभूमी

वाशिम जिल्ह्यातलं एक गाव. नाव सांगत नाही, आणि कोणाची ओळख पटेल असे बारीकसारीक तपशीलही गाळले आहेत. गावात तीसेक जणांचा शेतकरी गट आहे, बहुतेकांचं कोरडवाहू सोयाबीन आणि त्यात तूर. मी तालुक्याच्या कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवतो आणि माझं स्वतःचंही थोडं वावर त्याच शिवारात आहे, म्हणून या प्रकरणात मी बाहेरचा पाहुणा नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो.

२०२३ च्या खरिपात गटातल्या १० जणांनी बीबीएफनं पेरणी केली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बीबीएफ म्हणजे रुंद वरंबा सरी. ट्रॅक्टरच्या मागं यंत्र असतं, ते चार ओळींचा रुंद वरंबा पाडतं आणि दोन्ही बाजूला सरी. पाऊस जास्त झाला तर पाणी सरीतून निघून जाते, ताण पडला तर सरीत मुरलेली ओल कामी येते. बियाणंही कमी लागते, सपाट पेरणीत एकरी ३० किलो टाकतो तिथं २२ मधे भागते. मोजणीत घेतलेल्या आणखी १२ जणांनी नेहमीसारखी सपाट पेरणी केली. दिवाळीच्या आसपास गटापुढं प्रश्न आला की सगळ्यांनी मिळून स्वतःचं यंत्र घ्यायचं का, आणि तो प्रश्न माझ्या दारात आला कारण आकडे गोळा करून झाले होते आणि ते कसे वाचायचे यावर गटात दोन तट पडून राहिले होते.

अडचण काय होती

मोजणी अशी झाली होती: प्रत्येक शेतकऱ्याच्या वावरात ५ बाय ५ मीटरचे चार चौकोन कापले, मळले, वजन केलं, एकरी क्विंटलमधे बदललं. १० जणांचे ४० चौकोन बीबीएफचे, १२ जणांचे ४८ चौकोन सपाटचे. बीबीएफची सरासरी ७.० क्विंटल, सपाटची ६.०. म्हणजे एकरी एक क्विंटलचा फरक.

हिशोब केला होता गटातल्याच एका शेतकऱ्याच्या पोरानं, बीएस्सी करून राहिला आहे, हुशार आहे. त्यानं ८८ चौकोन एक्सेलमधे टाकले, टी-टेस्ट लावली (दोन सरासऱ्यांतला फरक नुसत्या योगायोगाचा असू शकतो का, हे तपासायची रीत) आणि रात्री साडेदहाला मला फोन केला. पी-व्हॅल्यू जितकी लहान तितकं नुसत्या योगायोगानं एवढा फरक दिसणं अवघड, आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणजे खरा फरक कुठून कुठंपर्यंत असू शकतो तो पट्टा, म्हणून आवाजातच आनंद कळत होता. "सर, पी-व्हॅल्यू ०.०००८ आली! आणि ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.४३ ते १.५७. आता काही प्रश्नच नाही ना?"

प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी पारावर त्याला मी विचारलं, भात शिजला का हे पाहायला तू किती शितं दाबतोस? तो म्हणाला एक. मग एकाच हंड्यातली चार शितं दाबली तर चार हंडे तपासले असं होते का? एका शेतकऱ्याचे चार चौकोन म्हणजे एका हंड्यातली चार शितं. जमीन तीच, बियाणं तेच, पेरणीचा दिवस तोच, फवारणी तीच, माणूस तोच. त्या चौकोनांवरून त्या वावराचं उत्पादन जास्त नीट कळते, पण पद्धत बदलली तर *गावात* काय होते हे सांगायला आपल्याकडं हंडे आहेत २२, ८८ नाहीत. पद्धत निवडली शेतकऱ्यानं, चौकोनानं थोडीच निवडली. म्हणून मोजणीचं एकक शेतकरी.

पोरगं थोडा वेळ गप्प बसलं, मग म्हणालं, "म्हणजे चार चौकोनांची सरासरी काढून एक आकडा करायचा?" तेच करायचं. जी गोष्ट मला वर्गात पन्नास पोरांना दोन तासात नीट समजावता येत नाही ती त्याला तिथं लगेच कळली, कारण वावरं त्याच्या ओळखीची होती.

शेतकरी धरून हिशोब

बीबीएफचे १० आकडे असे: ७.९, ६.१, ८.४, ५.२, ७.०, ८.८, ६.६, ४.९, ७.७, ७.४. सरासरी ७.०, प्रमाणित विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती पसरले आहेत ते) १.३०.

सपाटचे १२: ६.३, ५.१, ७.२, ४.४, ६.८, ५.९, ७.५, ४.८, ६.०, ५.४, ६.९, ५.७. सरासरी ६.०, विचलन ०.९८.

फरक तोच, १.० क्विंटल. पण त्या फरकाची प्रमाणित चूक, म्हणजे नमुना बदलला तर फरक साधारण किती इकडंतिकडं होईल ते, आता ०.५० आली. ती काढायची कशी तर प्रत्येक गटाच्या विचलनाचा वर्ग त्या गटातल्या माणसांच्या संख्येनं भागायचा, दोन्ही मिळवायचे, वर्गमूळ घ्यायचं. फरक भागिले चूक, टी आला २.००. दोन्ही गटांचं विचलन सारखं नाही म्हणून मी वेल्चची पद्धत वापरली, ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ वेल्च यांनी १९४७ मधे मांडलेली. तिच्यात विचलन सारखं असल्याचं गृहीत धरावं लागत नाही, स्वातंत्र्याचे अंश (इंटरव्हल किती रुंद धरायचा हे ज्यावरून ठरते तो आकडा) मात्र वेगळ्या सूत्रानं येतात, इथं साडेसोळाच्या आसपास. पी-व्हॅल्यू ०.०६. कॉन्फिडन्स इंटरव्हल उणे ०.०६ ते २.०६.

दोन्ही विचलनं एकत्र करायची जुनी पद्धत लावली तर पी ०.०५३ येते. पी ०.०५ च्या खाली आली तरच फरक योगायोगाचा नाही असं धरायचा रिवाज आहे, ती ०.०५ ची रेघ दोन्हीकडं थोडक्यात हुकते.

टी-टेस्टचा मूळ धनी विल्यम गॉसेट. डब्लिनच्या गिनीज बिअर कारखान्यात कामाला होता, आणि १९०८ मधे त्यानं 'स्टुडंट' या टोपणनावानं लेख छापला. त्याची अडचण आमच्यासारखीच होती, नमुने मोजके आणि तेवढ्यावरच काहीतरी सांगायचं. आकडे थोडे असले की विचलनाचाच अंदाज डळमळीत असतो, म्हणून इंटरव्हल रुंद धरावा लागतो, ही त्याची शिकवण. ८८ आकडे धरून आम्ही तीच शिकवण मोडून राहिलो होतो.

बैठकीत काय झालं

गटाच्या बैठकीत हा हिशोब सांगितला आणि अर्ध्या तासात गट एका टोकावरून थेट दुसऱ्या टोकाला गेला. ज्यांना यंत्र नको होतं ते म्हणाले, बघा, फरक नाही म्हणून सिद्ध झालं. एक काका, सगळ्यात जुने सभासद, वैतागून म्हणाले, "मास्तर, आकडे नोका सांगू आमाले. हाय का नाई हाय, येवढं सांगा."

एका शब्दात मला ते सांगता येत नव्हतं, आणि मी तसं सांगितलं. मग जमिनीवर खडूनं एक रेघ मारली, मधे शून्य, उजवीकडं एक, दोन, डावीकडं उणे. उणे ०.०६ वर एक खूण आणि २.०६ वर दुसरी. काकांनीच त्याला नाव दिलं, वावराच्या बांधाला आमच्याकडं धुरा म्हणतात त्यावरून, "म्हणजे हे दोन धुरे झाले, खरा फरक यांच्या मधात कुठीतरी." तेव्हापासून गावात कॉन्फिडन्स इंटरव्हलला धुरे म्हणतात आणि मला ते पुस्तकातल्या शब्दापेक्षा जास्त आवडते. तसं पाहिलं तर ९५ टक्के हे आमच्या या एका जोडीबद्दल नसते, पद्धतीबद्दल असते, म्हणजे अशीच मोजणी पुन्हा पुन्हा केली आणि दर वेळी असेच धुरे आखले तर शंभरातल्या साधारण ९५ वेळा खरा फरक धुऱ्यांच्या आत सापडेल. हे मी सांगितलं, काकांनी मान हलवली, किती पोचलं माहीत नाही.

पण रेघ पाहिल्यावर एक गोष्ट सगळ्यांना दिसली. डावा धुरा शून्याच्या जरासा पलीकडं, उजवा दोन क्विंटलवर. याला "फरक नाही" म्हणणं म्हणजे दोन क्विंटलची शक्यता डोळ्याआड करणं. पी ०.०६ चा अर्थ एवढाच की खरा फरक शून्य असता तरी १.० किंवा त्याहून मोठा फरक, या बाजूला किंवा त्या बाजूला, शंभरात सहाएक वेळा नुसत्या योगायोगानं दिसला असता. फरक नसल्याचा पुरावा तो होत नाही.

आणखी दोन चुका त्या बैठकीत होता होता राहिल्या.

पहिली पोराची. त्यानं हळूच विचारलं की सर, बीबीएफ चांगलंच असणार हे आपल्याला माहीत आहे, मग एका बाजूचीच टेस्ट लावू, पी अर्धी होते, ०.०३. मी नाही म्हटलं. एका बाजूची टेस्ट चुकीची असते असं नाही, पण ते आकडे पाहायच्या आधी ठरवायचं असते. आकडे पाहून रेघ हुकली हे कळल्यावर टेस्ट बदलायची म्हणजे बैलांची शर्यत संपल्यावर झेंडी पुढं सरकवायची. शिवाय बीबीएफनं उत्पादन *कमी* होऊ शकते ही शंका गटात खरीच होती, सरीत जागा जाते म्हणून. तेव्हा दोन्ही बाजू पाहणं भाग होतं.

दुसरी एका शिकलेल्या भाऊंची. त्यांनी दोन्ही गटांचे वेगवेगळे इंटरव्हल काढले: बीबीएफ ६.०७ ते ७.९३, सपाट ५.३८ ते ६.६२. म्हणाले एकमेकांवर चढून राहिले आहेत, म्हणजे फरक नाही. ही चूक फार ठिकाणी दिसते म्हणून थांबून सांगतो. दोन वेगळे इंटरव्हल एकमेकांवर थोडे चढले तरी फरकाचा इंटरव्हल शून्याच्या बाहेर असू शकतो, कारण दोन चुका सरळ बेरजेनं मिळत नाहीत, वर्ग करून मिळवल्या जातात आणि मग मूळ घेतलं जाते, ते बेरजेपेक्षा नेहमी लहान येते. प्रश्न फरकाचा आहे तर इंटरव्हलही फरकाचाच काढायचा.

खरी खोट

एवढं सगळं होऊनही मूळ खोट हिशोबात नव्हतीच. ती मला त्या रात्री यादी घेऊन बसल्यावर दिसली. बीबीएफच्या १० जणांपैकी ७ जणांकडं विहीर आणि तुषार संच. सपाटच्या १२ पैकी ४ जणांकडं. आणि वर्ष कोणतं, २०२३, ज्या वर्षीचा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. शेंगा भरायच्या वेळी ज्याच्याकडं एक पाणी द्यायची सोय होती त्याचं सोयाबीन तगलं. मग तो एक क्विंटल वरंब्याचा का तुषारचा?

याचं उत्तर कोणत्याही टी-टेस्टमधे नाही, पी ०.०६ असो की ०.०००८. धुरे फक्त योगायोगाची ढिलाई सांगतात. ज्यांची ऐपत आहे त्यांनीच जास्त करून यंत्र वापरलं, ही गोष्ट धुऱ्यांच्या आत मावत नाही.

अजून दोन गोष्टी सापडल्या. एक, चौकोन कापणाऱ्या पोरांनी सोयीनं जागा धरल्या होत्या, पांदणीजवळच्या. दोन, आणि ही जास्त महत्त्वाची, बीबीएफच्या वावरात ५ मीटर रुंदीत वरंबे आणि सऱ्या पूर्ण संख्येनं बसत नाहीत. पोरांनी दोरी लावायची सुरुवात साहजिकच वरंब्यापासून केली, म्हणून चौकोनात पीक असलेली जागा जास्त आणि सरीची रिकामी जागा कमी आली. म्हणजे बीबीएफचं उत्पादन थोडं फुगलेलं. मुद्दाम कोणी केलं नाही, पण झालं.

पर्याय

पुढच्या बैठकीत तीन वाटा ठेवल्या. आहे त्या आकड्यांवर यंत्र घेणं, एक. विचार सोडून देणं, दोन. तिसरी, एक हंगाम थांबून नीट मोजणं. थांबायला गट कुरकुरला कारण अनुदानाचा अर्ज तेव्हाच करायचा होता. मला विचाराल तर थांबण्याची किंमत कमी होती, यंत्र भाड्यानं मिळत होतं. पण ज्याचा अर्ज मंजूर व्हायची आशा आहे त्याला हे सांगणं सोपं नाही, आणि त्यांचा राग मला पटत होता.

थांबायचं ठरलं तर कसं मोजायचं? पुन्हा दोन वेगळे गट घेतले, चिठ्ठ्या टाकून वाटले, तर किती शेतकरी लागतील याचा हिशोब केला. अर्धा क्विंटलचा फरक असेल तर तो ८० टक्के वेळा पकडता यावा अशी अट धरली, तर २०२३ च्या विचलनावरून *प्रत्येक* गटात ऐंशीच्या वर शेतकरी लागत होते. गावात तेवढे सोयाबीनवाले मिळायचे नाहीत.

दुसरा मार्ग, एकाच वावराचे दोन भाग. अर्ध्यात बीबीएफ, अर्ध्यात सपाट, माणूस तोच, जमीन तीच, पाणी द्यायचं तर दोन्हीकडं सारखं. मग प्रत्येक शेतकऱ्याचा एकच आकडा उरतो, त्याच्याच दोन भागांतला फरक, आणि या वावराची भारी जमीन त्या वावराची बरड, याचा गोंधळ वजाबाकीत निघून जाते. फरकांचं विचलन ०.६ च्या आसपास धरलं तर तेराएक शेतकरी पुरत होते. ऐंशीच्या वरचे दोन गट कुठं आणि तेरा कुठं! तयार झाले १२. त्यावर भागवलं.

२०२४ ला काय केलं

कोणत्या अर्ध्यात बीबीएफ हे शेतकऱ्यानं ठरवायचं नाही, रुपयाचं नाणं उडवायचं. यावर वाद झाला. एक जण म्हणाला उतार खालच्या अंगाला आहे तर बीबीएफ खालीच पाहिजे, पाणी तिथं साचते. त्याचं म्हणणं शेतीच्या दृष्टीनं बरोबरच होतं. पण तसंच सगळ्यांनी केलं असतं तर खालचा अर्धा आणि बीबीएफ कायमचे एकत्र बांधले गेले असते. शेवटी त्यानंही नाणं उडवलं, वरचा अर्धा आला, आणि तो वर्षभर मला ते ऐकवत राहिला.

चौकोनांच्या जागा रँडम आकड्यांवरून. धुऱ्यापासून इतकी पावलं आत, तितकी पावलं उजवीकडं, तिथं जसं पीक असेल तसं कापायचं, मग ते विरळ असो की दाट. पीक कापणी प्रयोगात जागा अशी रँडम निवडायची रीत आपल्या देशात रुजवण्यात पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा मोठा वाटा, सातारा जिल्ह्यातल्या बुधचा माणूस, आपल्या लोकांना हे नाव अजून पुरेसं माहीत नाही याचं वाईट वाटते. प्रत्येक अर्ध्यात चारऐवजी सहा जागा घेतल्या. बीबीएफच्या भागात चौकोनाची रुंदी ठरीव मीटरनं घेतली नाही, दोन पूर्ण वरंबे आणि त्यांच्या दोन पूर्ण सऱ्या एवढी घेतली, मग ते क्षेत्रफळ मोजून एकरात बदललं. सरीची जागा गेली ती उत्पादनात दिसलीच पाहिजे.

ओलावाही मोजला. व्यापाऱ्याकडचं मीटर आणलं आणि सगळी वजनं १२ टक्क्यांवर आणली. ४.५ किलो माल १६ टक्के ओलाव्याचा असेल तर तो १२ टक्क्यांवर ४.३ किलोच भरतो, एवढा फरक एका पावसाच्या सरीनं पडते. पहिल्या वर्षी हे केलंच नव्हतं.

आणि एक कागद. पेरणीच्या आधीच लिहून ठेवलं: जोडीची टी-टेस्ट, दोन्ही बाजूंची, ९५ टक्क्यांचे धुरे, एकक शेतकरी. खाली काकांची सही घेतली.

एका वावरात सप्टेंबरमधे रोह्यांनी (नीलगायींनी) सपाटचा भाग खाऊन टाकला. ती जोडी काढायची का ठेवायची? कागदावर याबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं. आम्ही आकडे जोडायच्या आधीच ती काढली, कारण जनावरानं खाल्लं ते पेरणीच्या पद्धतीमुळं खाल्लं असं म्हणायला काही आधार नव्हता, तो भाग जंगलाच्या बाजूचा होता. उरले ११.

काय निघालं

बीबीएफ वजा सपाट, एकरी क्विंटलमधे: ०.९, ०.४, १.३, उणे ०.२, ०.७, १.१, ०.२, ०.८, १.५, ०.३, ०.७.

सरासरी फरक ०.७ क्विंटल. फरकांचं विचलन ०.५०, प्रमाणित चूक ०.१५, टी ४.६, अंश १०. पी ०.००१ च्या आत. धुरे ०.३६ ते १.०४.

पोराला मी मुद्दाम तेच आकडे जोड्या तोडून, दोन वेगळे गट समजून करायला सांगितले. धुरे आले उणे ०.४६ ते १.८६. आकडे तेच, वावरं तीच, घाम तोच, आणि जोडी विसरली की शून्य पुन्हा आत. त्याच्या चेहऱ्यावर जे दिसलं त्यासाठी मी शिक्षक झालो.

फरक १.० वरून ०.७ वर आला याचं नवल नाही. आधीच्या वर्षी त्यात तुषार होतं, चौकोनांची फुगवट होती. पण वर्षही वेगळं होतं, म्हणून नक्की कशामुळं किती घटलं हे सांगता येत नाही.

मग ठरवलं काय

फरक शून्य नाही हे कळलं, पण शून्य हा शेतकऱ्याचा आकडा नाहीच. शेतकऱ्याचा आकडा म्हणजे किती वाढलं तर परवडते. तो हिशोब आम्ही घरोघरी बसून केला. ज्याच्याकडं ट्रॅक्टर घरचा, त्याला बियाण्याची बचत वजा करून बीबीएफचा जादा खर्च एकरी १,२०० रुपयांच्या आसपास. ज्याला पेरणी भाड्यानं करायची आणि वरंब्यावर बैलाची डवरणी नीट होत नाही म्हणून निंदणाला जादा बाया लावायच्या, त्याला २,०००. हमीभाव २०२४-२५ ला ४,८९२ होता पण गावातून माल जाऊन राहिला होता चार हजाराच्या आसपास, म्हणून ४,००० धरले. म्हणजे जादा खर्च जिथं फिटतो ती मेख पहिल्याची ०.३ क्विंटलवर, दुसऱ्याची ०.५ वर.

आता रेघ परत खडूनं काढली. डावा धुरा ०.३६, उजवा १.०४. घरचा ट्रॅक्टरवाल्याची ०.३ ची मेख डाव्या धुऱ्याच्याही बाहेर, म्हणजे त्याला सरासरीनं परवडते. भाड्यानं करणाऱ्याची ०.५ ची मेख धुऱ्यांच्या आत. सरासरी ०.७ मेखेच्या वर आहे, पण ठाम म्हणता येत नाही. हमीभाव खरोखर हातात पडला असता तरी ती मेख ०.४१ वर येते, तरीही आतच. एकच टेस्ट, एकच गाव, आणि दोन घरांसाठी उत्तर दोन. "हाय का नाई हाय" विचारणारे काका यावेळी रेघेकडं बराच वेळ पाहत बसले आणि म्हणाले, "म्हंजे ज्याचं त्याचं धुऱ्यावर पाहून ठरवा लागते."

गटानं सामाईक यंत्र घ्यायचं तेव्हा टाळलं. घरचे ट्रॅक्टर असलेल्या दोघांनी मिळून एक घेतलं. भाड्यानं करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी २०२५ ला अर्ध्या वावरात केलं, आणि ९ जण परत जोडीनं मोजायला तयार झाले. हे मला सगळ्यात मोलाचं वाटते, कारण आमचे ११ फरक सगळे एकाच हंगामाचे आहेत. पाऊस वेगळा पडला तर फरक किती सरकतो हे या धुऱ्यांत नाही. वावरं कितीही वाढवा, वर्ष एकच राहते.

परत करायचं झालं तर

पहिल्याच वर्षी वावराचे दोन भाग करायला पाहिजे होते. त्यासाठी काही जास्तीचं लागत नव्हतं, फक्त पेरणीच्या *आधी* कोणीतरी विचारायला पाहिजे होतं. मीही जूनमधे गावातच होतो आणि माझ्या लक्षात आलं नाही, आकडे आल्यावरच मी जागा झालो.

जोडी कधी काढायची याचा नियम कागदावर आधीच पाहिजे. रोह्यांनी सपाटऐवजी बीबीएफचा भाग खाल्ला असता तर आम्ही तेवढ्याच सहज ती काढली असती का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

परवडण्याची मेखही आधीच ठोकायला पाहिजे होती. आम्ही ती धुरे काढल्यावर ठोकली. खर्चाचे आकडे घराघरातून आले म्हणून त्यात ओढाताण झाली नाही असं मला वाटते, पण वाटणं आणि असणं वेगळं.

आणि तो उणे ०.२ वाला. बैठक संपल्यावर तो थांबला आणि म्हणाला, "सर, सगळ्यायचं वाढलं, माह्यं कमी झालं. माह्यं वावर बीबीएफचं नाही का मंग?" माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं की तुझी जमीन हलकी आहे, पण ते मी गिळलं, कारण ते मला माहीत नव्हतं. सहा सहा चौकोनांच्या मोजणीतच अर्ध्या क्विंटलच्या जवळपास इकडचं तिकडं होते, त्याचं उणे ०.२ हे तेवढ्यानंही येऊ शकते. ०.३६ ते १.०४ हे सरासरीचे धुरे आहेत, त्याच्या वावराचे नाहीत. गावातल्या एखाद्या नव्या वावरात असंच मोजलं तर कुठं ते कुठं येईल हा हिशोब केला तर उणे ०.४७ ते १.८७ येतो, आणि तोच मी त्याला कागदावर लिहून दिला. त्यानं कागद खिशात घातला. २०२५ ला मोजायला जे ९ जण तयार झाले त्यात त्याचं नाव पहिलं आहे, आणि यावेळी त्यानं स्वतःच सांगितलं की माझ्याकडं सहा नाही, दहा चौकोन कापा.